हक्काचा एक गुंठा : अमेरिकेतील फोर-एच मंडळांपासून आपण काय घ्यावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या घरातील मुले शेतात काम करतात. सुट्टीत खुरपणी करतात, गुरे चारतात, पाण्याच्या पाळीला बापासोबत रात्री बांधावर जातात. कामाची सवय नाही असे शेतकऱ्याच्या मुलाबद्दल कोणी म्हणू शकणार नाही. पण वाण कोणता पेरायचा, खत किती टाकायचे, माल कधी विकायचा, हातात किती उरले, या गोष्टी त्याला कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. मुलगा घरच्या शेतात मजुरासारखा राबतो आणि पंचवीस-तीस वर्षांचा झाला की एके दिवशी वाटणीत दोन-तीन एकर त्याच्या नावावर येतात. त्या दिवसापासून सगळे निर्णय त्याचे आणि सगळे कर्जही त्याचे! निर्णय घेण्याची सवय मात्र त्याला लागलेली नसते. मुलीच्या बाबतीत तर एवढाही विचार होत नाही. उद्या ती ज्या घरी जाईल तिथली निम्मी शेती तिच्याच हातांवर चालणार असते.

ही उणीव भरून काढण्याचा एक जुना आणि यशस्वी प्रयोग अमेरिकेत झाला आहे. 'फोर-एच' मंडळे या नावाने तो ओळखला जातो. या मंडळांचे उपक्रम, त्यांचे मेळावे आणि त्यांची बक्षिसे यांची माहिती देऊन त्यातले आपल्या गावाला काय उपयोगी पडेल, ते आज सांगणार आहे.

मंडळांची सुरुवात

अमेरिकेत 1862 च्या कायद्याने कृषी महाविद्यालये उभी राहिली आणि 1887 पासून संशोधन केंद्रांना सरकारी मदत मिळू लागली. ज्ञान तयार होऊ लागले, पण ते शेतापर्यंत पोहोचेना. "हे पुस्तकी लोक आम्हाला काय शेती शिकवणार?" हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यालाही पडत होता. दुसरीकडे खेड्यातील शाळेत शिकवले जाई त्याचा मुलांच्या घरच्या धंद्याशी काही संबंध नव्हता.

ओहायो राज्यात अल्बर्ट ग्रॅहॅम नावाचे एक शाळा अधीक्षक होते. 15 जानेवारी 1902 रोजी त्यांनी स्प्रिंगफील्ड गावच्या न्यायालयाच्या तळघरात मुलामुलींची एक बैठक घेतली. मुलांना कामे दिली ती अगदी साधी होती. आपल्या शेतातली माती आणून लिटमस कागदाने तपासायची, निवडक बियाण्याचा मका लावायचा, भाजीचा वाफा करायचा आणि काय झाले ते लिहून ठेवायचे. हे मंडळ पुढच्या सर्व मंडळांचे मूळ मानले जाते.

त्याच सुमारास दक्षिणेकडील राज्यांत मुलांची 'मका मंडळे' निघाली. प्रत्येक मुलाने एक एकर मका स्वतः पिकवायचा, असा नियम होता. 1910 साली दक्षिण कॅरोलायनातील जेरी मूर या मुलाने एका एकरात 228 बुशेलच्या वर मका काढला. आपल्या हिशोबाने हे सुमारे 58 क्विंटल होतात. त्या भागातील नेहमीच्या उत्पादनाच्या हे कित्येक पट होते. प्राध्यापकाचे व्याख्यान न ऐकणारा बाप शेजाऱ्याच्या पोराचा मका पाहायला मात्र बांधावर जाऊ लागला. विस्तार कार्याचे मर्म यातच आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या पिकाला उत्तर नसते.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे 'टोमॅटो मंडळ' काढले. प्रत्येक मुलीने एकराच्या दहाव्या हिश्श्यात, म्हणजे चार गुंठ्यांत, टोमॅटो लावायचे आणि ते डबाबंद करून विकायचे. पिकवण्याबरोबर प्रक्रिया आणि विक्री मुलींच्या हाती आली. मुलीच्या हातात तिच्या कष्टाचा पैसा पडला, ही त्या काळी तिथेही नवी गोष्ट होती.

1914 च्या कायद्याने कृषी विस्तार सेवा सुरू झाली आणि ही मंडळे तिचा भाग बनली. चार पानांचा हिरवा क्लोव्हर हे त्यांचे चिन्ह. क्लोव्हर हे आपल्या बरसीमच्या कुळातले चारापीक. चार पानांवर चार वेळा 'एच' हे अक्षर असते. इंग्रजीत डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चारही शब्दांची सुरुवात याच अक्षराने होते, म्हणून नाव फोर-एच. डोक्याने विचार, मनाने निष्ठा, हाताने सेवा आणि शरीराने निरोगी जीवन, असा त्याचा अर्थ आहे. आज तिथे सुमारे 60 लाख मुले-मुली या कार्यक्रमात आहेत. शेतीबरोबर आता संगणक, आहार, पर्यावरण असे विषयही आले आहेत आणि शहरातील मुलेही सभासद होतात.

मंडळाचे काम कसे चालते?

काम तीन पायांवर उभे आहे.

पहिला पाय म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा प्रकल्प. मंडळात नाव घातले आणि बैठकीला बसून आले, एवढ्याने भागत नाही. कोणी वासरू पाळतो, कोणी कोंबड्या, कोणी भाजीचा वाफा करतो, कोणी शिवणकाम शिकतो. प्रकल्प मुलाच्या मालकीचा असावा लागतो. जनावरांच्या प्रकल्पात तर अमुक तारखेच्या आत ते मुलाच्या ताब्यात असले पाहिजे असा नियम असतो. जत्रेच्या आदल्या दिवशी तयार जनावर विकत आणून मिरवता येत नाही.

दुसरा पाय म्हणजे नोंदवही. वासरू किती किमतीला घेतले, त्याचे वजन किती होते, रोज काय खाल्ले, खुराकाला किती खर्च आला, औषधाला किती गेले, शेवटी वजन किती भरले आणि विकून काय आले, हे सगळे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहायचे. नुकसान झाले तर तेही लिहायचे. का झाले, हे लिहिले तर त्याचे कौतुकच होते.

तिसरा पाय म्हणजे लोकांसमोर उभे राहणे. बैठका मुले स्वतः चालवतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार त्यांच्यातलेच निवडतात. ठराव मांडणे, त्यावर मत घेणे, इतिवृत्त लिहिणे हे सगळे तीच करतात. शिवाय प्रत्येकाने कधी ना कधी प्रात्यक्षिक द्यायचे असते. कलम कसे बांधावे, कोंबडी कशी धरावी, बियाण्याची उगवण कशी तपासावी, हे करून दाखवायचे आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. 'करून शिका' हे त्यांचे घोषवाक्य आहे.

या मुलांना मार्गदर्शन करतात ते गावातलेच मोठे लोक, बिनपगारी. विस्तार अधिकारी या मार्गदर्शकांना शिकवतो आणि मार्गदर्शक मुलांना. म्हणूनच थोड्या कर्मचाऱ्यांत एवढे मोठे काम उभे राहिले.

जत्रा आणि बक्षिसे

वर्षभराच्या कामाचा कळस म्हणजे काउंटीची जत्रा. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. मुले आपले जनावर, भाजी, शिवलेले कपडे, मुरंबे घेऊन येतात.

परीक्षणाची त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे पीक स्पर्धेत किंवा प्रदर्शनात पहिला, दुसरा, तिसरा आणि एखादा उत्तेजनार्थ असे चार जण खूश होतात. बाकीचे सगळे पडलेले म्हणून घरी जातात. फोर-एचमध्ये बरेचदा वेगळी रीत वापरतात. तिला डॅनिश पद्धत म्हणतात. मुलांची तुलना एकमेकांशी करायची नाही, ठरवून दिलेल्या कसोटीशी करायची. कसोटीला पूर्ण उतरला त्याला निळी फीत, चांगले आहे पण उणिवा आहेत त्याला लाल आणि अजून बरेच शिकायचे आहे त्याला पांढरी. वीस मुलांचे काम कसोटीला उतरले तर वीसही निळ्या फिती द्यायच्या. एकाचेच उतरले तर एकच द्यायची. पुष्कळ ठिकाणी परीक्षक मुलाला समोर बसवून विचारतो, "हे असे का केलेस? पुढच्या वेळी काय बदलशील?" आणि फीत का मिळाली हे त्याला समजावून सांगतो. त्यामुळे पांढरी फीत मिळालेला मुलगाही काहीतरी शिकून जातो.

जनावरांच्या स्पर्धेत एक भाग असा असतो की त्यात जनावराचा कस पाहत नाहीत. मुलगा जनावर कसे हाताळतो, ते किती स्वच्छ ठेवले आहे, त्याला त्याची माहिती किती आहे, यावर गुण असतात. त्यामुळे साधे वासरू घेऊन आलेला गरीब घरचा मुलगाही तिथे पहिला येऊ शकतो.

आणखी एक स्पर्धा आहे परीक्षण करण्याचीच. चार गाई समोर उभ्या करतात. मुलाने त्यांचा एक ते चार असा क्रम लावायचा आणि तो का लावला हे परीक्षकांसमोर तोंडी सांगायचे. क्रम बरोबर असून कारणे सांगता आली नाहीत तर गुण जातात. आपल्या बैलबाजारात जाणते लोक पाठ, खूर, वशिंड, दात पाहून क्षणात जनावर ओळखतात. पण ते ज्ञान त्यांच्या नजरेतच राहते. पोराला "का?" विचारायची आणि बापाला "म्हणून" सांगायची सवय लागली तर ते पुढच्या पिढीत उतरेल.

बक्षीस कशाला द्यायचे?

बक्षीस कशासाठी आहे हे विसरले की काम बिघडते. मोठे बक्षीस लावले की मुलाचा प्रकल्प बाप करू लागतो. जनावर चांगले दिसावे म्हणून नको ती औषधे टोचण्याचे प्रकार अमेरिकेतील जत्रांतही घडले आहेत आणि त्यासाठी नियम कडक करावे लागले. म्हणूनच फोर-एचमधील पाच ते सात वर्षांच्या लहानग्यांना स्पर्धेतच उतरवत नाहीत. त्यांना शाबासकी सर्वांना सारखी.

जुन्या मका मंडळांची गुणांची वाटणी आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शंभरपैकी 30 गुण एकरी उत्पादनाला, 30 गुण नफ्याला, 20 गुण निवडलेल्या दहा कणसांच्या नमुन्याला आणि 20 गुण पिकाच्या लिखित हकिकतीला. म्हणजे सर्वांत जास्त पिकवणाऱ्याच्या पदरात त्यासाठी तीसच गुण! खत ओतून विक्रमी पीक काढले आणि खर्चात बुडाला, तर तो मागे पडणार. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुलांना जे शिकवले गेले, ते आपल्याला आजही पुरते उमगलेले नाही. आपण एकरी किती टन निघाले हे अभिमानाने सांगतो. एका टनाला किती खर्च आला, हे विचारले की गप्प बसतो.

या कार्यक्रमाला काळी बाजूही होती. अमेरिकेच्या दक्षिणेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत कृष्णवर्णीय मुलांची मंडळे वेगळी ठेवली जात आणि त्यांच्या वाट्याला साधनेही कमी येत. आपल्याला त्यातून घ्यायचा धडा उघड आहे. गावात मंडळ काढायचे तर ते एका आळीचे, एका भावकीचे किंवा फक्त जमीनवाल्यांच्या मुलांचे नसावे.

आपल्याकडची स्थिती

आपल्याकडे तरुणांच्या मंडळांची कल्पना नवी नाही. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्यांत युवक मंडळे निघू लागली. 1969 पासून महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. 1972 पासून नेहरू युवा केंद्रांनी गावोगावची मंडळे जोडली. आपली कृषी विद्यापीठेही शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एकत्र ठेवण्याच्या त्याच अमेरिकन घडणीवर उभी राहिली.

पण आजच्या गावातील तरुण मंडळ काय करते? गणपती बसवते, कबड्डी-क्रिकेटचे सामने भरवते, रक्तदान शिबिर घेते. ही कामे चांगलीच आहेत. त्यात शेती मात्र कुठेच नसते. जी मुले मंडपाचा जमाखर्च पैशापर्यंत चोख ठेवतात, त्यांनाच घरच्या सोयाबीनला एकरी किती खर्च आला हे सांगता येत नाही. हिशोब येत नाही असे नाही. तो करण्याची संधी कोणी दिलेली नाही.

एका गुंठ्याचा प्रकल्प

यासाठी मोठ्या योजनेची किंवा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीत, हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळी, घरातील आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला एक गुंठा जमीन द्या. 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद तुकडा आखा. तो आर झाला. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच. पुढील गोष्टी त्याला स्वतः करू द्या.

1. पेरणीच्या आठवडाभर आधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. गोणपाट वाळू देऊ नये. किती उगवले ते मोजावे. 85 पेक्षा कमी असतील तर बियाणे बदलावे.

2. तुकड्याचे मधोमध दोन भाग करावेत. एका भागात बीजप्रक्रिया केलेले बी आणि दुसऱ्यात न केलेले पेरावे. प्रक्रियेसाठी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा आधी चोळावे. नंतर गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले रायझोबियम, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम या प्रमाणात लावून बी सावलीत सुकवावे.

3. बाकी सर्व दोन्ही भागांत सारखेच ठेवावे. तोच वाण, तीच तारीख, दोन ओळींत 30 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर. हेक्टरी 125 किलो डीएपीच्या हिशोबाने संपूर्ण गुंठ्याला सव्वा किलो डीएपी लागेल. ते दोन भागांत निम्मे-निम्मे द्यावे. एकाच गोष्टीत फरक ठेवला तरच तो फरक कशामुळे पडला हे कळते.

4. सुमारे 40 दिवसांनी दोन्ही भागांतील पाच-पाच रोपे मुळांसकट अलगद उपटून गाठी मोजाव्यात. गाठ कापून पाहावी. आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे. आठवड्यातून दोनदा घाटे अळी पाहून नोंद करावी.

5. काढणीनंतर दोन्ही भागांचे वजन वेगवेगळे करावे. इथे एक सोपी युक्ती आहे. एका आरमध्ये जितके किलो, तितके हेक्टरी क्विंटल. समजा 15 किलो निघाले, तर हेक्टरी 15 क्विंटल. एकराचे काढायचे तर 40 ने गुणावे. 15 किलोचे 600 किलो, म्हणजे एकरी 6 क्विंटल. अर्ध्या भागाचे वजन आधी दुप्पट करायला विसरू नये.

नोंदवहीत तारीख, काम, लागलेले तास, वस्तूंचा खर्च आणि शेरा असे पाच रकाने पुरतात. मुलाच्या कामाचे तासही गावातील मजुरीच्या दराने खर्चात धरा. घरच्या मनुष्यबळाला काही किंमत असते, हे त्याला आणि आपल्यालाही तेव्हाच कळेल. दोन भागांत फरक दिसला नाही तर तसेच लिहावे. ज्या रानात वर्षानुवर्षे हरभरा होत आला आहे तिथे जिवाणूंचा फरक कमीही दिसतो. खरी नोंद करायला शिकला, यातच प्रकल्प यशस्वी झाला.

ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांच्या मुलांनी पाच गावरान कोंबड्या, एक शेळी किंवा पिशवीतील शंभर रोपांची रोपवाटिका घ्यावी. वहीचे रकाने तेच. या मुलांना जागा आणि सुरुवातीचे भांडवल मंडळाने मिळवून द्यावे. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशाचा याहून चांगला उपयोग सापडणार नाही.

गावातील परीक्षण

जानेवारीत एका रविवारी शिवारफेरी काढा. प्रत्येक मुलाने आपल्या तुकड्यापाशी उभे राहून पाच मिनिटे बोलावे आणि मोठ्यांनी प्रश्न विचारावेत. परीक्षक म्हणून गावातील एक जाणते शेतकरी, शाळेतील एक शिक्षक आणि सहायक कृषी अधिकारी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील एक तज्ज्ञ पुरेत. गुण असे ठेवता येतील : पिकाची निगा 30, नोंदवही 30, हिशोब 20, तोंडी माहिती 20. फिती तीनच, निळी, लाल आणि पांढरी. आणि कितीही जणांना. हिशोबाचे गुण काढणी झाल्यावर द्यावेत आणि फिती तेव्हा ग्रामसभेत वाटाव्यात. सदरा-टोपी, ढाल, रोख रक्कम यांची गरज नाही. गावासमोर आपल्या मुलीने हिशोब वाचून दाखवला, याहून मोठा मान आईबापाला दुसरा नसतो.

पालकांनी एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. गुंठा दिला की तो दिला. त्यात पाणी कमी पडले, तण माजले, तरी रात्रीतून आपण जाऊन खुरपून यायचे नाही. सल्ला विचारला तर द्यावा. आणि माल विकल्यावर आलेला पैसा मुलाच्या हातात द्यावा, घरखर्चात मिसळू नये. मालकी नावापुरती राहिली तर वही खोटी होते आणि मुलाला ते सर्वांत आधी कळते.

काही जण म्हणतील, "आमची मुले शेतीत राहणारच नाहीत, मग हे कशाला?" ज्यांना शिकून बाहेर जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. फोर-एचमधून आलेले सगळेही शेतकरी झालेले नाहीत. पण स्वतःचे काम ठरवणे, ते नोंदवणे, चुकले तर कारण शोधणे आणि चारचौघांत उभे राहून सांगणे, हे ज्याला आले तो कुठेही गेला तरी अडत नाही. आणि जो शेतीत राहील, तो नाइलाजाने राहिला की समजून-उमजून राहिला, यावर त्याच्या घराचे पुढचे सगळे अवलंबून आहे. पहिला निर्णय तीन एकरांवर आणि कर्जाच्या पैशावर घ्यायचा की एका गुंठ्यावर? गुंठ्यात चुकला तर किलोभर बियाणे जाईल. तीन एकरांत चुकला तर सोसायटीचे कर्ज थकेल.

म्हणून या रब्बीत आपल्या शेताच्या पाण्याजवळच्या, चांगल्या जमिनीतला एक गुंठा आखून ठेवा. बांधाकडचा पडीक कोपरा देऊ नका. एक चाळीस पानी वही आणा आणि तिच्यावर मुलाचे किंवा मुलीचे नाव त्यांच्याच हाताने लिहू द्या.